घट्ट कडी

आमच्या वरच्या मजल्यावरची बाई कुठलीही शाळा पाहून आली की म्हणायची, "तसं चांगलंय सगळं, पण..." आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. नायगावच्या या टॉवरमध्ये आम्ही दोघी एकदमच राहायला आलो. दोघींच्या मुली यंदा ज्युनियर केजीत जायच्या होत्या, म्हणून शाळा बघायलाही बरोबरच फिरलो. मी बोर्ड कुठलं, वर्गात मुलं किती, ते विचारायचे. ती आधी मुलांचं बाथरूम बघायची.

जवळच्या शाळेत ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेरच येईना. आली ती गुडघे चोळत. लहान मुलीच्या उंचीवर वाकून आतून कडी काढून बघत होती.

"लागते पटकन, सुटत नाही. पोरगी अडकली तर?"

"बाहेर मावशी असतात ना," शाळा दाखवणाऱ्या मॅडम हसून म्हणाल्या.

"कायम असतात?"

मॅडम आम्हाला कम्प्युटर रूम दाखवायला घेऊन गेल्या. मला माझ्या शेजारणीची लाजच वाटली.

बाकीच्या शाळा लांब पडत होत्या. शेवटी दोघींनी तिथेच ॲडमिशन घेतली. त्याच आठवड्यात वरून खटखट ऐकू यायला लागली. तिने घरच्या बाथरूमला तसलीच घट्ट कडी बसवून घेतली होती आणि रोज संध्याकाळी ती लेकीकडून सराव करून घेत होती.

आता माझीही मुलगी वर जाते. कडी लागल्याचा आवाज मला खाली स्वयंपाकघरात ऐकू येतो. मी नळ बंद करते, आणि ती सुटल्याचा आवाज येईपर्यंत तशीच उभी राहते.