मर्यादा काढलेलं पुस्तक

कुणी कशाचीही स्तुती केली की सर मान किंचित तिरकी करून विचारायचे, "बरं. आणि मर्यादा?"

कुसगावच्या एका चिक्कीवाल्याने एकदा तिळाची नवी चिक्की त्यांच्या हातावर ठेवली आणि तिचे गुण सांगायला सुरुवात केली. सरांनी ठरलेला प्रश्न टाकला. तो म्हणाला, "मर्यादा तुमच्या दाताला सर, चिक्कीला कुटली?" सर इतके खूश झाले की दोन पाकिटं घेऊन कॉलेजात आले आणि दिवसभर ज्याला त्याला हा किस्सा सांगत फिरले.

तुमच्याही कॉलेजात असे एखादे सर असतील. आमचे सर राज्यशास्त्र शिकवायचे. तासिका तत्त्वावर, म्हणजे उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि कॉलेज उघडलं की पुन्हा सुरू व्हायची. सगळी उमर अशीच गेली, पण वर्गात ते कधी तात्पुरते वाटले नाहीत.

मी त्यांची विद्यार्थिनी. भाजे गावातल्या आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. एम.ए.ला पाठवायला वडील कचरत होते, तेव्हा सर स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले. "पोरगी हुशार आहे आबा. मर्यादा एकच, हळू बोलते. शिकली की आवाज वाढेल." वडील म्हणाले, "घरात तर लय मोठ्यानं बोलती." सर म्हणाले, "मग निम्मं काम झालंच आहे." मी शिकले, आणि पुढे त्यांच्याच विभागात शिकवू लागले.

याच सुमारास पुण्याच्या एका प्रकाशकाने त्यांना बी.ए.साठी पाठ्यपुस्तक लिहायला सांगितलं. विषय, देशाच्या पंतप्रधानांचं राजकीय नेतृत्व. सरांनी प्रत्येक प्रकरणाचे तीन भाग केले: जडणघडण, गुण आणि मर्यादा. पहिले दोन ते भराभर लिहायचे. तिसऱ्यापाशी अडायचे. वलवणच्या त्यांच्या घरी मी मुद्रितं तपासायला जायची, तेव्हा एकेक वाक्य ते मला मोठ्याने वाचायला लावायचे. "शिव्या द्यायला अक्कल लागत नाही," ते म्हणायचे. "मर्यादा दाखवायला लागते. ज्याच्याबद्दल आपल्याला आदर आहे, त्याच्या आधी लिहायच्या."

आणीबाणीच्या प्रकरणातला एक परिच्छेद त्यांनी किती वेळा बदलला असेल, देव जाणे. कुटुंबनियोजनाच्या सक्तीत एका प्राथमिक शिक्षकाला गावातलीच माणसं शस्त्रक्रियेला न्यावी लागली, नाहीतर पगार थांबणार होता. पुढे गावाने त्या शिक्षकाशी बोलणं टाकलं. परिच्छेदाचा शेवट असा होता: 'आदेश काढणाऱ्याला तो पाळणाऱ्याचा चेहरा दिसत नाही.'

मी विचारलं, "सर, याला संदर्भ कुठला द्यायचा?"

"संदर्भ खात्रीचा आहे. तळटीप देता येत नाही."

पुस्तक छपाईला जायच्या बेतात होतं, तेव्हा स्टाफरूममध्ये प्रकाशकाचा फोन आला. सरांना ऐकायला कमी यायचं, म्हणून फोन स्पीकरवर होता. प्रकाशक म्हणत होता, "सर, अलीकडच्या दोन पंतप्रधानांच्या मर्यादा तेवढ्या काढून टाकू. उगाच वाद कशाला?"

सर चिडले की त्यांची पुणेरी भाषा सुटायची आणि मावळी यायची. "दोघांच्याच कशाला? मंग समद्यांच्याच काढा की," म्हणाले आणि फोन बंद केला. मला म्हणाले, "आता बघ, कसा ताळ्यावर येतो."

प्रकाशकाने खरोखरच सगळ्यांच्या काढल्या.

छापील प्रत आली त्या दिवशी सर खुर्चीत बसून ती चाळत होते. एकाही पंतप्रधानाचं काही चुकलं नव्हतं. काही महिनेच पदावर राहिलेल्या एकाचं प्रकरण तर जेमतेम दीड पानात आटोपलं होतं, ते बघून सर हसले. मग आणीबाणीचं प्रकरण उघडलं. तिथे 'कणखर निर्णयक्षमता' संपत होती आणि खाली लगेच स्वाध्याय सुरू होत होता. ते पान त्यांनी मिटलं नाही. नुसते बघत बसले.

प्रकाशक त्यांना म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलंत. आणि मुलांना सोपं झालं की." पुढच्या आवृत्तीत बघू, असंही म्हणाला. सर लोकलने पुण्याला चकरा मारत राहिले. त्यांना एकच गोष्ट हवी होती, काढलेली पानं परत. मुलं हे पुस्तक पाठ करून स्पर्धापरीक्षांना बसतील, उद्या कुणी मामलेदार होईल, कुणी फौजदार, आणि वरून आलेला आदेश कधी चुकू शकतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसेल, याची त्यांना झोप लागू न देणारी भीती होती. शेवटी वैतागून ते म्हणाले, "मग माझं नाव तरी काढा."

नव्या आवृत्तीवर 'संपादक मंडळ' असं छापून आलं. आतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

"माणूस आज्ञाधारक आहे," सर म्हणाले. "मर्यादा एवढीच, की नको तिथे."

निवृत्तीच्या वर्षी त्यांचा पेपर माझ्याकडे येणार होता, म्हणून मी त्यांच्या तासाला मागे बसत असे. एक दिवस ते पुस्तकात नसलेली आणीबाणी शिकवत होते. पवन मावळातून एसटीने येणारी एक मुलगी उभी राहिली.

"सर, पुस्तकात हे कायच न्हाई."

"नाही खरं."

"मंग लेखकाला ठावं नव्हतं व्हय?"

"ठाऊक होतं. त्या गोष्टीतला शिक्षक त्याचा बाप होता. त्याने लिहिलंही होतं."

"मंग छापलं का न्हाई?"

"छापणाऱ्यावर रागावला. म्हणाला, काढा सगळंच. त्यांनी काढलं."

मुलगी सहज बोलून गेली, "म्हंजी आमच्या आज्यासारखं. भांडान झालं की ताट सारतो बाजूला. म्हातारीबी मंग खुशाल उचलून नेती. रातभर उपाशी."

वर्ग हसला. सरही हसले, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग ते फळ्याकडे वळले आणि फळा पुसू लागले. त्या पुस्तकाचा लेखक कोण, हे वर्गात फक्त मला ठाऊक होतं. त्यांचे वडील कोण होते, ते मलाही त्या दिवशीच कळलं.

निवृत्तीनंतर सर फार दिवस राहिले नाहीत. पुस्तक अजून चालतं. आता तो पेपर मी शिकवते. आणीबाणीचं प्रकरण आलं की पुस्तक बाजूला ठेवून तो परिच्छेद तोंडपाठ सांगते, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा. मधेच कुणीतरी विचारतं, "मॅडम, हे परीक्षेला आहे?"

मी खरं ते सांगते. नाही, म्हणते. बरीचशी पेनं बाकावर ठेवली जातात, आणि मी पुढचं वाक्य सांगते.