मानसिंग मिस्त्रींची दोन दिवसांची रजा

कुंडलजवळच्या साखर कारखान्यात मानसिंग मिस्त्री तीस वर्षं घणानं ठोकून शाफ्टचे पितळी बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती जाड नळकांडी, यंत्राच्या भोकात बसवत आले होते. यंदा एक बुश चेपला, दुसरा बसेना. मग सांगलीहून संयोगिता नावाची इंजिनिअर द्रवरूप नायट्रोजन घेऊन आली. तिनं बुश उणे एकशे शहाण्णव अंशांच्या थंडीत अर्धा तास बुडवला आणि चिमट्यानं उचलून भोकात अलगद सोडला.

“थंडीनं आकसलाय, काका. गरम झाला की फुगून घट्ट बसेल.”

मिस्त्री तासभर तिथंच थांबले. मग बुश हलवून बघितला. हलला नाही.

“बाई, ह्ये शिकाय किती दिस लागत्यात?”

“दोन.”

मिस्त्रींनी नोकरीतली पहिली रजा टाकली. कारण लिहिलं : शिक्षण.