सरासरीत सगळं ठीक

माझ्या स्क्रीनवर प्रोसेसरच्या चार कोरवर, म्हणजे काम करणाऱ्या चार भागांवर, किती भार आहे ते दाखवणाऱ्या चार पट्ट्या होत्या. एक लालबुंद, बाकीच्या तीन रिकाम्या. तरी कामं वाटून देणारा शेड्युलर ढिम्म, कारण चारही मिळून सरासरी कमीच भरत होती. माझं डोकंच सणकलं. सरासरी ही गोष्ट कधीच न दमलेल्या कुणीतरी शोधली असणार! मी ती कोडमधून उपटून काढली आणि शेड्युलरला आधी रिकामं कोण आहे ते बघायला लावलं. चारही पट्ट्या सारख्या झाल्या.

साहेब खूश झाले. “वा! आता टेस्टिंगला वैशालीकडे दे.”

मी वळून पाहिलं. वैशालीचा डबा अजून उघडलेला नव्हता. टेस्टिंगचे बाकीचे तिघे चहाला गेले होते.

“सर, सगळं तिच्याच गळ्यात का?” मी तडकलो.

“अरे, टेस्टिंगवर कुठे लोड आहे? सरासरी काढून बघ की.”