विलास गुरवच्या खिशातलं सोलो

माझी शेवटची पोस्टिंग लडाखला, साडेपंधरा हजार फुटांवर. चहा ओतला की कपात पोचेपर्यंत त्याची कुल्फी व्हायची. आता दुबईत मुहैस्नाच्या लेबर कॅम्पवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. पंचेचाळीस डिग्रीत बसलेल्या माणसाला थंडीचं काहीही सांगा, पटतं. बस सुटायला वेळ असला की ड्रायव्हर रशीदभाई, आपले रत्नागिरीचे, गेटवर येतात. "यल्ला हवालदार, आज कुठला डोंगर फोडताय?" मी एखादी थाप मारून फोडतो.

सोलोचं नाव मात्र गेटवर कधी काढलं नाही.

लडाखमधला आमचा पोर्टर नामग्याल. त्याचे आजोबा गावचे वैद्य. उन्हाळ्यात तो दगडांच्या फटीतून मुळं काढायचा. कुटकी तापाला, इतकी कडू की दुसऱ्या दिवशीही साखर गोड लागत नसे. छरम्याची आंबट फळं खोकल्याला. आणि सोलो थकव्याला. आतून गुलाबी, वासही गुलाबाचा. तीन चकत्या गरम पाण्यात, बस.

मी एकदा प्यायलो आणि बराकीत सांगितलं की मला तिसरं फुप्फुस फुटलं. रायफल, पॅक आणि वर एक आजारी याक खांद्यावर टाकून खिंड चढलो. सगळे हसले. लान्स नायक विलास गुरव हसला नाही.

"हवालदार साहेब, डोकं दुखत असेल तरी चालतं?"

"अरे, डोकंच नवीन येतं."

रोज ०६०० ला नर्सिंग असिस्टंट रांगेत विचारायचा : डोकं, उलटी, झोप. खरं सांगणाऱ्याला खाली पाठवत. विलास आधी एकदा खाली जाऊन आला होता. पुन्हा गेला असता तर मेडिकल कॅटेगरी घसरली असती आणि नायकचं प्रमोशन हुकलं असतं. दोन दिवस तो "ठीक आहे" म्हणाला आणि नामग्यालकडून घेतलेलं मूळ चघळत राहिला. मी पाहत होतो. वाटलं, पोरगा मानतो आपल्याला.

तिसऱ्या दिवशी पेट्रोलिंगला, गस्तीवर निघालो. १०४० ला तो मागे पडला. १०५५ ला खाली बसला. खोकल्यातून गुलाबी फेस आला.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"तीन दिवस."

"बोलला का नाहीस?"

"सोलो होतं की, साहेब."

मी वायरलेस सेट घेतला. "बेस, एक कॅज्युअल्टी. फुप्फुसात पाणी. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"बादल है. नहीं उड़ेगा. नीचे लाओ. ओव्हर."

ऑक्सिजनचा एकच सिलिंडर होता. १२२० ला संपला. चौघांनी आळीपाळीने उचललं. नामग्यालने विलासच्या खिशातून मूळ काढलं, हुंगलं.

"साहब, इसको किसने बोला? सोलो चलने वाले के लिए है. इस बीमारी में नीचे उतरना ही दवा है."

"चल," मी म्हणालो.

१३०५ ला विलास गेला. बेस अजून पाऊण तास लांब होता.

इन्क्वायरीत मला विचारलं, त्याने तक्रार केली होती का? "नो सर." पुढचा प्रश्न आला नाही. सही केली. लंगरमध्ये डाळभात खाल्ला. झोपही लागली. पुढचे चार महिने तिथेच काढले, त्यातलं सांगण्यासारखं काही आठवत नाही.

लान्स नायक विलास गुरव, वय सत्तावीस. पलटणीच्या कबड्डीतला आमचा रेडर. त्याचे वडील महिन्यातून एकदा मला दुबईला फोन करतात. म्हणतात, "हवालदार, पोराचं काहीतरी सांगा." मी सांगतो, फायनलला पाच जण पायाला लटकलेले असताना त्याने रेषा गाठली. दोनच होते. ते म्हणतात, "अजून सांगा."

हे छापायला देण्याआधी मी त्यांना पाठवलं. दोन महिने झाले. फोन आलेला नाही.