चोवीस तास मुबलक पाणी

औरंगपुऱ्यातल्या ज्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसायचे, तिथे प्लॉट विकले जायचे. शहर खुलताबाद रोडने पसरत होतं आणि आमचा मालक त्याच्या पुढे पळत माळरानं घेत सुटला होता. प्रत्येक प्लॉटिंगचं इंटरनेटवर एक पान, आणि तेच पान छापून वाटायचं पत्रक. ढिगाने पानं होती. सगळ्यांवर गेटच्या फोटोखाली एक ओळ हटकून असायची : चोवीस तास मुबलक पाणी.

त्या ओळीवर माझ्या वडिलांनी मेंढरं विकली होती. आम्ही कन्नडकडचे धनगर. दुष्काळात चाराही संपला आणि पाणीही. आबांना वाचता येत नाही म्हणून मालकाने स्वतः पत्रक वाचून दाखवलं होतं, अगदी गोड आवाजात. प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, नळ काही आला नाही. टँकरच्या दिवशी कॉलनीतलं कुणी लग्नालासुद्धा जात नसे. घराचं दार सताड उघडं ठेवून आम्ही पाण्याच्या टिपाडाच्या झाकणाला कुलूप लावायचो.

तरी मी तिथेच नोकरी धरली, कारण दुसरी मिळाली नाही. मी कुणाची पोरगी ते मालकाला ठाऊक नव्हतं. सही झाली की गिऱ्हाइकाचं तोंड त्याच्या लक्षात राहत नसे.

एकदा आबा ऑफिसात आले. चपला बाहेर काढून, जुनं पत्रक हातात धरून उभे राहिले.

"सायेब, पाण्याचं कवा व्हईल? इथं लिव्हलंय नव्हं."

"जुना कागद आहे तो बाबा," मालक म्हणाला. "आणि काय हो, मेंढरांमागं हिंडत होता तेव्हा मिळत होतं का चोवीस तास?"

खुर्च्यांवर बसलेली गिऱ्हाइकं हसली. आबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ओळख दाखवली तर पोरीची नोकरी जाईल, एवढं त्यांना कळत होतं. कागदाची घडी घालून ते निघून गेले. मी मान खाली घालून टाइप करत राहिले, आणि त्याच क्षणी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

संधी त्यानेच हातात आणून दिली. तक्रारी वाढल्या तसा तो सावध झाला. म्हणाला, "सगळ्या पानांवरनं ते चोवीस तास काढून टाक. 'पाण्याची प्रस्तावित सोय' असं कर. आठवडा लागला तरी चालेल."

आठवडा कशाला? कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये प्रोग्रॅम लिहायला थोडं पायथन शिकवलं होतं, बाकीचं इंटरनेटवर वाचून मी मोजक्या ओळींची स्क्रिप्ट लिहिली. फोल्डरमधली एकेक फाइल उघडायची, ही ओळ सापडली की तिच्या जागी ती टाकायची, सेव्ह करायचं, पुढची घ्यायची. पहिल्या फटक्याला सगळ्या मराठीचे चौकोन आणि प्रश्नचिन्हं झाली. फायलींतली अक्षरं कुठल्या एन्कोडिंगने, म्हणजे कुठल्या सांकेतिक पद्धतीने वाचायची, तेच मी स्क्रिप्टला सांगितलं नव्हतं. फोल्डरची नक्कल काढून ठेवली होती म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी एकाच पानावर चालवून पाहिली. ओळ बरोब्बर बदलली. ते पान मालकाला दाखवलं. तो खूश झाला.

मग जागेवर येऊन मी ते पान पूर्ववत केलं, स्क्रिप्टमधली नवी ओळ खोडली आणि तिथे लिहिलं : पाणी टँकरचे, तेही आले तर. एंटर दाबलं. चहा यायच्या आत सगळी पानं बदलली होती. इतका गोड चहा मी त्या ऑफिसात कधी प्यायले नव्हते. उरलेला आठवडा कामात बुडाल्याचं सोंग केलं. छापायला देताना मालकाने गेटचा फोटो पाहिला, स्वतःचा फोन नंबर तपासला आणि मान डोलावली. वाचलं नाहीच. पत्रक त्याला तोंडपाठ होतं ना!

रविवारी जीप भरून गिऱ्हाइकं आमच्या कॉलनीशेजारच्या माळावर नेली. पत्रकं आणि पाण्याच्या बाटल्या वाटायला मला घेतलं होतं. कुंपणापलीकडे आबा टिपाडापाशी टँकरची वाट पाहत बसले होते. मालक पत्रक उंच धरून सवयीने म्हणू लागला, "प्रशस्त रस्ते, चोवीस तास मुबलक पाणी..."

"सर, इथं असं नाय लिहिलेलं," एक बाई म्हणाली.

"वाचा ना ताई, मोठ्यानं वाचा!"

तिने वाचलं. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्यांनीच आपापला कागद पाहिला, मग नजरा आमच्या रिकाम्या टिपाडांवर गेल्या. एकेक जण जीपमध्ये जाऊन बसला. मालकाचा चेहरा काळानिळा पडला.

"हे काय केलंस?" तो ओरडला.

"तो जुना कागद होता सर," मी म्हणाले. "हा नवा आहे."

मग कुंपणाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "आबा!" आता मालकाने आबांकडे पाहिलं. नीट पाहिलं. मला तेवढंच हवं होतं.

नोकरी गेली. त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो माणूस आठवला की अजून दात आवळले जातात.

घरी आल्यावर आबांनी सगळं पुन्हा सांगायला लावलं. मशीन एका झटक्यात सगळे कागद कसे बदलतं, हे ऐकून त्यांना लई नवल वाटलं. उठून त्यांनी पेटीतून आपलं पत्रक काढलं, मांडीवर सरळ केलं आणि माझ्यापुढे धरलं.

"ह्येच्यावर बी व्हईल का गं?"

"न्हाई आबा," मी म्हणाले. "ह्यो छापून झालाय."