फिरवलेला निकाल

राजनंदिनी सातवला वकिलीची सनद मिळाली, पण कुणा मोठ्या वकिलाचं ऑफिस मिळालं नाही की काचेच्या कपाटातली जाडजूड पुस्तकं मिळाली नाहीत. वाघोलीच्या तिच्या घरात वकील झालेली ती पहिलीच. तिच्याजवळ होता एक लॅपटॉप. शिवाजीनगर कोर्टाच्या बाररूममध्ये बसून निवाडे शोधायच्या साइटवर ती हा शब्द टाकून बघ, तो टाकून बघ, अशी रमायची की डबा उघडायचा राहून जायचा.

गावातले बजरंगमामा तिच्याकडे आले ते वैतागूनच. चुलतभाऊ बद्रीनाथने आपल्या रानातून मामांच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर फाटक बसवून कुलूप घातलं होतं. तिने दावा लावला. युक्तिवादाची तयारी करताना तिला मामांच्या बाजूचा हायकोर्टाचा एक निकाल सापडला, जणू मामांच्याच बांधावर बसून लिहिलेला. ती हरखली. मग सवयीने, पुढे त्या निकालाचं काय झालं, तेही तिने उघडून पाहिलं. सुप्रीम कोर्टाने तो केव्हाच फिरवला होता.

तिने मामांना सगळं सांगितलं.

“समोरच्या वकिलाला ठाऊक हाय का?” मामांनी विचारलं.

“नसावं.”

“मग कशाला उकरतीस?”

“मला कळलंय ना, मामा. आता कोर्टापासून लपवता येणार नाही.”

मामा चहा अर्धा टाकून उठून गेले.

सुनावणीला तिने दोन्ही निकाल न्यायाधीशांपुढे ठेवले. समोरचे पानसे वकील उभी हयात याच कोर्टात काढलेले. त्यांनी चष्म्यावरून पाहत शांतपणे विचारलं, “मॅडम, आपण नक्की कोणाच्या वतीने उभ्या आहात?” कोर्टात खसखस पिकली. तिचे कान तापले, पण ती पुढचं बोलत राहिली.

न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. तिथे बद्रीनाथ हाताची घडी घालून बसले होते, पण राजनंदिनी समोर येताच म्हणाले, “ही पोरगी खोटं बोलत न्हाई, त्या दिवशी कोर्टात बघितलं म्या. हिच्यापुढं सांगतो.” बांधकामांचे टँकर त्या वाटेने घुसून त्यांचे ठिबकचे पाइप चिरडत होते, म्हणून फाटक. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मामांनाही ते नवीनच होतं. शेवटी फाटक राहिलं आणि किल्ली मामांनाही मिळाली. वाघोलीला परतताना दोघे भाऊ एकाच गाडीवर होते. मामा आठवडाभर तिच्याशी तुटक बोलले, मग स्वतःच वांगी घेऊन आले.

पुढे एकदा कँटीनमध्ये पानसे तिच्या टेबलाशी येऊन बसले. ती साइट जरा दाखवता का, म्हणाले. एका बोटाने टाइप करत त्यांनी पहिला शोध घेतला तो स्वतःच्याच नावाचा. निकाल तीन निघाले, त्यातल्या दोनांत ते हरलेले. पानशांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.