इर्मानं जिभेवर जुळवलेली बिअर

इर्मा कोस्केला आमच्या गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ सारायची. हिवाळाभर काउंटीची नारिंगी सरकारी गाडी घेऊन तलावाकाठच्या रस्त्यावर एकटी फिरायची आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्याचे खड्डे बुजवायची. नवरा फार पूर्वी फ्लोरिडाला गेला तो तिकडचाच झाला. बोलायची तिला हौस नव्हती. पण महिन्यातून एका शनिवारी आम्ही घरी बिअर बनवणारे कुणाच्या तरी गॅरेजात जमायचो, तिथे मात्र सगळे तिची वाट बघायचे. ग्लास नुसता नाकाशी नेऊन ती सांगायची, "बाटल्या नीट धुतल्या नाहीस," किंवा, "आंबत होती तेव्हा खोली फार गरम होती." आणि ते खरं असायचं.

एका जानेवारीत ती तापानं पडली. ताप उतरला, पण तापात वास येईनासा झाला, तो परत आला नाही. सकाळी कॉफी प्यायली तर नुसतं कडू, गरम पाणी. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. तिनं कुणालाच सांगितलं नाही.

त्या महिन्याच्या बैठकीत व्हर्न थोरसननं तिच्या हातात ग्लास दिला. व्हर्न आमचा निवृत्त पोस्टमन. माणूस तोंडाळ, पण मनात काही ठेवणारा नव्हे.

"बघ गं जरा. स्पर्धेला पाठवायची आहे."

इर्मानं नेहमीसारखा ग्लास नाकाशी धरला. जरा जास्तच वेळ धरला. मग म्हणाली, "चांगली आहे. पाठव."

परीक्षकांनी कळवलं, उकडलेल्या कोबीचा वास येतो. पुढच्या बैठकीत व्हर्न सगळ्यांसमोर म्हणाला, "कोबी! माझी बायको आता मला कोबीवाला म्हणते. तुला कळलं नाही होय? का मजा बघायची होती?"

लोक हसले. इर्मानं कोट चढवला आणि निघून गेली. त्यानंतर ती आलीच नाही. मी तिच्या समोरच राहतो. तिच्या गॅरेजातला दिवा लागेनासा झाला, तेव्हा मला वाटलं, रुसली असेल.

मार्चमध्ये एका दुपारी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर येताना दिसला, म्हणून मी धावत जाऊन दार ठोठावलं. ती टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसली होती आणि तिच्या पाठीमागे शेगडीवर भांडं करपून काळं झालं होतं.

"इर्मा, जळतंय ना."

"काय जळतंय?" तिनं मागे वळून पाहिलं. शेगडी बंद केली, खिडकी पूर्ण उघडली आणि माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. तापाचं, कॉफीचं, व्हर्नच्या ग्लासाचं.

"व्हर्नला सांगू का मी?"

"नको. लोक मग हळू आवाजात बोलायला लागतात. ते मला झेपत नाही."

ती खात काय होती ते मी विचारलं. म्हणाली, बहुतेक रायचा पाव. ते गव्हासारखं काळपट धान्य तिच्या आईकडच्या लोकांचं, फिनलंडहून आलेल्यांचं. पाव चावला की जिभेला जरा चरचरतं, घशाखाली जाताना जड लागतं. "चव नाही कळत. पण काहीतरी खाल्लं एवढं कळतं."

तिथूनच तिच्या डोक्यात ते आलं असावं. एप्रिलमध्ये गॅरेजातला दिवा पुन्हा लागला. तिला स्वतःला कळेल अशी बिअर बनवायची होती. कडू आणि गोड जिभेला अजून समजत होतं. रायमुळे बिअर दाट होते, तोंडात मऊ, थोडी बुळबुळीत लागते, तेही समजलं असतं. म्हणून फिक्या रंगाची, कडवट, रायची बिअर.

पहिल्या खेपेला तिनं धान्यात निम्मी राय घातली. रायला टरफल नसतं. भिजवलेलं धान्य खळीसारखं घट्ट बसलं आणि ज्याची बिअर होते ते गोड पाणी गाळून खाली येईचना. चमच्यानं ढवळून ढवळून शेवटी तिनं सगळं मागच्या अंगणात ओतलं. दुसऱ्या खेपेला राय कमी केली आणि पाणी वाट काढेल म्हणून भाताचं तूस मिसळलं. ती पातळ झाली. तिसऱ्या खेपेला राय पाचवा हिस्सा धरली, थोडं खरपूस माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले जव, घातलं आणि कडूपणासाठी हॉप्सची फुलं उकळीच्या सुरुवातीलाच टाकली. वासाची फुलं शेवटी घालायची असतात. ती तिनं आठवणीवर घातली. संत्र्याच्या सालीसारखा वास येणारी, जुन्या पिशवीतली.

बाटल्या तयार झाल्यावर तिनं ग्लास भरला, घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. जाडी बरोबर होती. कडूपणा जिथे यायला हवा तिथेच आला. बाकी काय होतं, तिला ठाऊक नव्हतं.

दोन बाटल्या घेऊन ती माझ्याकडे न येता थेट व्हर्नकडे गेली. हे मला व्हर्ननंच सांगितलं. दारातच ती म्हणाली, "मला वास येत नाही. तेव्हाही येत नव्हता. आता पी आणि खरं सांग."

व्हर्ननं बाटली उघडून ग्लासात ओतली. मग प्यायला. "अंगानं दाट, झकास आहे," तो म्हणाला, "पण वास जुन्या चीजचा. मोजे म्हटलं तरी चालेल."

"हॉप्स शिळी झाली असणार."

"कोबी आणि मोजे. आपलं दुकान छान चालेल."

ती हसली, असं तो सांगतो. पुढच्या खेपेला तो स्वतः तिच्या गॅरेजात गेला. हॉप्सच्या पिशव्या उघडून हुंगायचा आणि सांगायचा. त्याला सांगता मात्र येत नव्हतं. "हा गवताचा. म्हणजे हिरवा. नाही, थांब, फरशी पुसायचं औषध असतं ना, तसा." इर्मा डोळे मिटून ऐकायची, आठवायची आणि म्हणायची, "हा नको. पुढचा."

सप्टेंबरच्या बैठकीला तिनं ती बिअर आणली. लोकांनी ग्लास नाकाशी नेले आणि तसेच धरून ठेवले. कुणी म्हणालं संत्रं, कुणी म्हणालं पाइनचा चीक. व्हर्न प्रत्येकाला सांगत होता की वास त्यानं निवडलाय. इर्मा फ्रीजला टेकून लोकांचे चेहरे बघत होती. मी तिच्याजवळ गेलो.

"जमली की गं."

"असं म्हणतात," ती म्हणाली. तिनं घोट घेतला, जिभेवर फिरवला. "मला दाट लागते. आणि कडू. बरी आहे."

तिचा वास परत आला नाही. तिच्या स्वयंपाकघरात आता धूर झाला की वाजणारी घंटा बसवली आहे. व्हर्न अधूनमधून येतो, पिशव्या हुंगून जातो आणि तो गेला की ती एकटीच मोठं पातेलं घासत बसते. परवा बर्फ पडला तेव्हा तिची गाडी आमच्या गल्लीतून गेली. मी खिडकीतून हात केला. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.